गाडी येण्याआधी पक्के होणारे सिमेंट

उन्हाळ्यात रात्रीची जेवणे आटोपली की आमच्या वस्तीतील मंडळी विहारापुढच्या ओट्यावर येऊन बसतात. वर्तमानपत्रात किंवा पुस्तकात काही वाचनीय सापडले तर ते सर्वांना मोठ्याने वाचून दाखवायचे, ही माझी जुनी सवय. एका रात्री मी जपानमधील रेल्वेविषयी वाचत होतो. टोकियो शहरात रात्रीची शेवटची गाडी गेल्यावर रुळाखालच्या खडीत लवकर पक्के होणारे सिमेंट ओततात आणि पहाटे त्याच रुळांवरून पुन्हा गाड्या धावू लागतात, असा तो मजकूर होता. ऐकणाऱ्यांनी नवल केले. तात्या मात्र हातातली विडी विझवून म्हणाले, "आरं, खडीत शिमिट वतलं, तर फुडं पहार कुठं घालायची? रूळ दबला तर उचलायचा कसा?"

तात्या आमच्या शेजारचे. नॅरोगेजच्या काळात ते गँगमध्ये लागले आणि ब्रॉडगेज झाल्यावर निवृत्त झाले. शाळा जेमतेम चौथीपर्यंत, पण कवठे महांकाळ ते ढालगाव या टापूत पावसाळ्यात रूळ कोठे दबतो, कोठे चिखल वर येतो, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे. त्यांच्या प्रश्नाला मला त्या रात्री उत्तर देता आले नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, कचेरीत कारकुनी करणारा. सिमेंटशी माझा संबंध बिलापुरता. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग जे वाचले, विचारले, समजून घेतले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहे.

आधी आपल्या रुळांची थोडी ओळख करून घेऊ. बार्शी लाइट रेल्वे ही एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याची कामगिरी. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, तेथून बार्शीपर्यंत ही गाडी सुरू झाली. पुढे ती एका बाजूला लातूरला व दुसऱ्या बाजूला पंढरपूरला गेली आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. म्हणजे आपल्या तालुक्याने आगगाडी पाहिली ती तेव्हा. दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, या हिशेबाने कॅल्थ्रॉपने सगळी गाडी बेतली होती. १९५४ साली सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सुमारे दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने या मार्गाचे ब्रॉडगेज झाले. मिरज-पंढरपूर हा आपला तुकडा सर्वांत शेवटी झाला, ही तक्रार आमच्या पिढीने बरीच वर्षे केली. आज कोल्हापूरहून पंढरपूर, लातूरमार्गे नागपूरला व पुढे धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्सप्रेस याच मार्गाने जाते. फेब्रुवारी २०२३ मध्ये मध्य रेल्वेने आपल्या सर्व ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण पूर्ण केल्याचे जाहीर केले, त्यात हाही मार्ग आला. जेथे पाच टनांचा आस चालत होता, तेथे आता मालगाडीचा बावीस टनांहून अधिक भाराचा आस चालतो.

हा भार शेवटी पडतो खडीवर. रूळ स्लीपरला आवळलेला असतो, स्लीपर खडीत बसवलेला असतो. एका किलोमीटरात साधारण १,६६० काँक्रीटचे स्लीपर आणि एकेक स्लीपर पावणेतीनशे किलोच्या आसपास. त्यांच्याखाली वीतभर जाडीचा खडीचा थर. ही खडी कशीही चालत नाही. ती कठीण दगडाची, धारदार कोपऱ्यांची, २० ते ६५ मिलिमीटर आकाराची लागते. धारदार खडे एकमेकांत अडकून बसतात, गाडीचा भार पसरवतात, थोडे दबून पुन्हा सावरतात आणि मुख्य म्हणजे पावसाचे पाणी खाली निघून जाऊ देतात. पण हजारो चाकांच्या आदळण्याने खडे झिजतात, त्यांचा भुगा होतो, खालची माती वर चढते. काळ्या मातीच्या भरावावर तर हा त्रास विचारूच नका. उन्हाळ्यात ती फाटते, पावसात फुगते. भिजलेल्या मातीवर गाडी आली की स्लीपर खाली दबतो आणि खालचा चिखल पिचकारीसारखा वर येतो.

मग गँगचे काम सुरू. पहारीने रूळ उचलायचा, बीटरने स्लीपरखाली खडी ठोकून बसवायची, डोळा रुळाला लावून रेष सरळ आहे का ते मुकादमाने पाहायचे. आता मोठी टॅम्पिंग यंत्रे हे काम करतात, तरी सांधे, फाटे, पुलांची टोके, फाटकाचे रस्ते येथे माणसाचा हात लागतोच. तात्यांच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे. खडीचा रूळ बिघडतो, पण तो सुधारताही येतो. सिमेंटने जखडलेला रूळ बिघडला तर काय करायचे?

मग जखडायचे तरी कशासाठी? तर वेळेसाठी. ज्या मार्गावरून दर दोन-चार मिनिटांनी गाडी जाते, तेथे गँगला रुळावर उतरायला सवडच मिळत नाही. रेल्वेच्या भाषेत या सवडीला ब्लॉक म्हणतात. मुंबईतील आपल्या नातेवाइकांना रविवारचा मेगाब्लॉक चांगला ठाऊक आहे. लग्न-बारशाचे मुहूर्त त्यावर ठरतात! असे काम वारंवार करावे लागू नये, एकदाच पक्के व्हावे, आणि तेही गाड्या फार बंद न ठेवता, म्हणून लवकर पक्के होणारा माल हवा.

येथे एका गैरसमजाबद्दल सांगितले पाहिजे. सिमेंट 'घट्ट होणे' आणि सिमेंटने 'ताकद धरणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय मानकानुसार साधे सिमेंट पाणी घातल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात घट्ट होऊ लागता कामा नये आणि दहा तासांच्या आत पूर्ण घट्ट झाले पाहिजे. परंतु घट्ट झाले म्हणजे भार घेण्याजोगे झाले असे नव्हे. पूर्ण ताकद अठ्ठावीस दिवसांनी मोजतात. 'रॅपिड हार्डनिंग' म्हणून जे सिमेंट मिळते, ते घट्ट व्हायला साध्या सिमेंटाइतकाच वेळ घेते. फक्त त्याची ताकद झपाट्याने वाढते. साध्या ३३ ग्रेडच्या सिमेंटाने तीन दिवसांत जी ताकद धरावी (चौरस सेंटिमीटरला सुमारे १६० किलो), ती हे सिमेंट एका दिवसात धरते. घट्टही लवकर आणि ताकदही लवकर, अशी खास सिमेंटे निराळी असतात. त्यांच्या रसायनात चुना, अॅल्युमिना आणि जिप्सम यांचे प्रमाण असे बेतलेले असते की पाणी लागताच सुईसारखे स्फटिक वेगाने वाढून एकमेकांत गुंततात. काही तासांत ते भार घेऊ लागते. चीनमध्ये १९७०च्या दशकापासून असे सिमेंट मोठ्या प्रमाणावर तयार होते.

हा फरक आम्हाला ओट्याने शिकवला. ज्या ओट्यावर बसून मी हे वाचत होतो, तोच ओटा. काही वर्षांपूर्वी १४ एप्रिलच्या जयंतीला तीन दिवस उरले असताना आम्ही त्याचे काँक्रीट ओतायला काढले. ठेकेदार म्हणाला, काळजी करू नका, औषध घालतो, उद्या सकाळी कडक! आणि सकाळी तो खरोखर कडक होता. पायाने ठोकून आम्ही खात्री करून घेतली. तेराव्या तारखेला त्यावर मंडपाचे खांब, ध्वनिक्षेपकाच्या पेट्या, खुर्च्या चढल्या. गडबडीत पाणी कोणी मारले नाही. मे महिन्यात ओट्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भेग गेली. दोष एकट्या ठेकेदाराचा म्हणणार नाही. समितीचा चिटणीस मीच होतो आणि घाई आमचीच होती. 'औषध' कसले, हे आम्ही विचारलेही नाही. अशा औषधांत क्लोराइड असेल तर आतली लोखंडी सळई गंजते, म्हणून ताणलेल्या तारांच्या काँक्रीटमध्ये ते वापरायला मनाई आहे. ही गोष्ट मला भेग पडल्यावर कळली.

आमचा तर ओटाच होता. १९७४ साली लंडनमधील एका शाळेत पोहण्याच्या तलावावरचे छत कोसळले. त्याच्या तुळया हाय अॅल्युमिना सिमेंटच्या होत्या. हे सिमेंट एका दिवसात ताकद धरते, म्हणून कारखान्यांत तुळया भराभर पाडायला ते फार सोयीचे वाटले होते. पण ऊब आणि दमट हवेत त्याचे स्फटिक हळूहळू रूप बदलतात आणि काँक्रीट सच्छिद्र, दुबळे होत जाते. त्यानंतर ब्रिटनमध्ये अशा कितीतरी इमारती तपासाव्या लागल्या. लवकर आलेली ताकद टिकते का, हे पाहिल्याशिवाय रुळाखाली कोणतेही सिमेंट घालता येत नाही, ते यामुळेच.

आता जपानकडे वळू. टोकियोच्या यामानोते मार्गासारख्या गर्दीच्या लोकलमार्गांवर ईस्ट जपान रेल्वेने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जुन्या खडीच्या रुळांचे रूपांतर केले आहे. शेवटची गाडी आणि पहिली गाडी यांत जेमतेम तीन-चार तास मिळतात. तेवढ्यात जुने स्लीपर व मळलेली खडी काढायची, खाली न विणलेले जाड कापड अंथरायचे, त्यावर स्वच्छ खडी आणि नेहमीपेक्षा रुंद स्लीपर बसवायचे. ठरलेल्या रात्री त्या खडीच्या फटींत सिमेंटची पातळ रबडी ओततात. ती खड्यांमधून खाली झिरपते, कापडाशी थांबते आणि पहाटेपर्यंत भार घेण्याइतकी पक्की होते. एका रात्री काही मीटरच. दुसऱ्या रात्री पुढचे काही मीटर. गाडी एक दिवसही बंद नाही. एवढ्या छोट्या तुकड्यांनी मोठमोठे मार्ग बदलले गेले, हे वाचून मला एकेक वीट घेऊन बांधलेल्या आपल्या विहारांची आठवण झाली.

ब्रिटनमध्ये हेरियट-वॉट विद्यापीठाच्या अभियंत्यांच्या साहाय्याने वेगळाच उपाय निघाला. तेथे सिमेंटऐवजी दोन द्रवांचे मिश्रण खडीवर ओततात. ते काही सेकंदांतच गोठू लागते आणि खडे एकमेकांना रबरासारख्या लवचिक जाळ्याने जोडले जातात. फटी बुजत नाहीत, त्यामुळे पाणीही जाते. फाट्यांच्या आणि पुलांच्या टोकांच्या जागी त्याचा उपयोग झाला. माल महाग, म्हणून सरसकट नाही.

भारतात काय? मुंबई-अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या बुलेट ट्रेनच्या मार्गावर खडी नसेलच. तेथे जपानी पद्धतीच्या तयार काँक्रीटच्या लाद्या आणि त्यांच्याखाली सिमेंट-डांबराच्या मिश्रणाचा थर आहे. पण तो नवा मार्ग आहे. जुन्या, चालू मार्गांवरची आपल्याकडची रीत अशी की ओतकाम दुसरीकडे करायचे आणि तयार वस्तू ब्लॉकमध्ये आणून बसवायची. २०२४च्या मे अखेरीस ठाणे स्थानकात ६३ तासांचा ब्लॉक घेऊन फलाट क्रमांक पाच रुंद केला, तेव्हा रूळ बाजूला सरकवून सातशेहून अधिक तयार काँक्रीटचे पोकळ ठोकळे रचले. जागेवर काँक्रीट ओतून ते पिकण्याची वाट पाहायची झाली असती, तर कित्येक दिवस लागले असते. एवढे करूनही त्या तीन दिवसांत नऊशेहून अधिक लोकल फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. आपल्या भागातील रुळाखालचे भुयारी रस्तेही तयार काँक्रीटच्या पेट्या काही तासांत बसवून झालेले आहेत. पावसाळ्यात त्यांत गुडघाभर पाणी साचते ही गोष्ट वेगळी. पेटी लवकर बसली, पाण्याची वाट मागे राहिली!

लवकर पक्क्या होणाऱ्या मालाची खरी गरज मोठ्या स्थानकांतल्या फलाटालगतच्या रुळांना आहे. तेथे गाड्या धुतल्या जातात, घाण पडते, म्हणून खडीऐवजी काँक्रीटचा पट्टा असतो. पाण्याने आणि भाराने तो उखडतो, स्लीपर सैल होतात. साध्या काँक्रीटने तो पुन्हा करायचा तर ती लाइन अनेक दिवस बंद ठेवावी लागते. बोगद्यांचेही तसेच. जुलै २०२४ मध्ये कोकण रेल्वेच्या पेडणे येथील बोगद्यात जमिनीतून पाण्याचे लोंढे रुळावर आले, वाहतूक थांबली आणि काही गाड्या पुणे-मिरज-लोंढामार्गे वळवाव्या लागल्या. अशा वेळी काही मिनिटांत पकड धरणारे मिश्रण हाताशी असणे म्हणजे काय, हे गाडीत अडकलेल्या प्रवाशाने सांगावे.

कारकुनी हिशेब करायचा तर खतावणीच्या एका बाजूला महाग सिमेंट आणि दुसऱ्या बाजूला न थांबलेल्या गाड्या. जेथे गाड्या दाट, तेथे हिशेब जमतो. आपल्या कवठे महांकाळच्या एकेरी मार्गावर, दोन गाड्यांमध्ये चांगली सवड मिळते तेथे, तो जमत नाही. त्यात काळ्या मातीचा भराव. जमीन खालून हलणार असेल तर वरचा जखडलेला थर चिरफळेल आणि मग पहारीने काहीच होणार नाही. म्हणजे आपल्या मोकळ्या मार्गावर तात्यांची खडीच योग्य.

परंतु या खतावणीत एक रकाना मला कोठेच सापडला नाही. रुळावर उतरणाऱ्या माणसाचा. १९३८ साली १२ व १३ फेब्रुवारीला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांचे विधान आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असते. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतील अगदी रोजची गोष्ट सांगितली होती, ती फारशी कोणी सांगत नाही. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो, त्याला वर चढण्याची आशा नसते. त्याला साधा हमाल म्हणूनही घेत नाहीत, कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरची कामे करून घेतो आणि अस्पृश्याला घरात कसे घेणार? सामान उचलण्याच्या नोकरीतही जात अशी आडवी येत होती. खडीत पहार घालायला मात्र विटाळ नव्हता.

काळ बदलला. गँगमनचा ट्रॅकमन झाला, ट्रॅकमनचा ट्रॅक मेंटेनर झाला, आता स्त्रियाही हे काम करतात. धोका मात्र नाव बदलून गेला नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ साली अहवाल दिला. त्यात २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी कामावर असताना मृत्यू पावल्याचे नमूद आहे. चार वर्षांत सोळाशे घरे. रुळावर कामात वाकलेल्या माणसाला मागून येणारी विजेची गाडी ऐकू येत नाही. वाफेचे इंजिन निदान दुरून सांगत तरी होते. ज्या मालामुळे माणसाला रुळावर कमी वेळा उतरावे लागते, तो माल मला या एका कारणासाठी स्वस्त वाटतो.

त्याच वेळी हेही लक्षात घ्यावे की हे नवे काम जुन्या गँगच्या हाती राहत नाही. मिश्रणात पाणी किती, हवेचे तापमान किती, किती मिनिटांत ओतून संपवायचे, हे सगळे मोजूनमापून करावे लागते. उन्हाळ्यात आपल्याकडच्या चाळीस अंशांत तर रबडी पिंपातच घट्ट होऊन बसेल. त्यासाठी पदविकाधारक अभियंता, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, यंत्र चालवणारा लागतो आणि घमेले उचलायला ठेकेदाराची माणसे. आपल्या वस्तीतली मुले आज या दोहोंपैकी कोणत्या रांगेत उभी आहेत, हे मी नाव घेऊन मोजले. सात जण घमेल्याच्या रांगेत होते, एक जण स्थापत्य पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला. दहावी झालेल्या मुलांच्या पालकांनी तंत्रनिकेतनाच्या प्रवेशाची तारीख चुकवू नये, जातीच्या दाखल्याची आणि शिष्यवृत्तीची कागदपत्रे आधीच तयार ठेवावीत. त्यासाठी कोणीही माझ्याकडे संध्याकाळी यावे, अर्ज मी भरून देईन.

आणि बांधकामावर जाणाऱ्या आपल्या भगिनींसाठी दोन शब्द. ओले सिमेंट, मग ते साधे असो की लवकर पक्के होणारे, कातडी जाळते. लगेच चटका बसत नाही, म्हणून कळत नाही; संध्याकाळी बोटांना भोके पडलेली दिसतात. रबरी हातमोजे मागून घ्यावेत. माल अंगाला लागला तर काम संपेपर्यंत थांबू नये, तेव्हाच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे. डोळ्यांत उडाला तर बराच वेळ पाण्याची धार धरून दवाखाना गाठावा. मोजे मागितले म्हणून मुकादम रागावतो, हे मला माहीत आहे. चौघींनी मिळून मागावेत.

एवढे सगळे जमवून मी पुन्हा एका रात्री ओट्यावर तात्यांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले. सांगितले की, जखडलेल्या रुळाखाली पहार घालता येत नाही हे खरे. म्हणून तेथे रूळ आणि स्लीपर यांच्यामध्ये पातळ पट्ट्या सरकवून उंची थोडीफार जुळवतात. "थोडीफार म्हंजे?" त्यांनी विचारले. मी अंगठा आणि बोट यांत थोडे अंतर धरून दाखवले. ते त्यांनी डोळ्याजवळ नेऊन पाहिले. "एवढंच? त्यापरीस जास्त दबला तर?" तर मात्र फोडावे लागते, मी म्हणालो. म्हणून खालची जमीन पक्की असेल तेथेच हे करतात.

तात्या थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि पानी? फटी बुजवल्या, तर पावसाचं पानी जायाचं कुठनं?"

बाजूला गटारे करावी लागतात आणि ती साफ ठेवावी लागतात, असे मी सांगितले. ती साफ करायला कोण, हे त्यांनी विचारले नाही. तांब्यातले उरलेले पाणी त्यांनी ओट्याच्या भेगेत ओतले आणि ते कोठवर जाते, ते वाकून पाहू लागले.